मी की ती? एका कथेचा निवेदक ठरेपर्यंत

२०२४च्या दिवाळीत माझी एक दीर्घकथा एका दिवाळी अंकात छापून आली. ती लिहायला जेवढे महिने गेले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच प्रश्नात गेले: ही गोष्ट कोणी सांगायची? प्रथमपुरुषी लिहायची की तृतीयपुरुषी? मी इचलकरंजीत राहते, सहकारी बँकेत नोकरी करते, लिहिणं सकाळी साडेपाच ते सातच्या मधलं. नव्यानं लिहिणारी जी माणसं मला भेटली त्यातली बरीचशी याच जागी थांबलेली दिसली. काहींनी तर चांगल्या चाललेल्या गोष्टी इथंच सोडून दिल्या होत्या. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय, खर्च आणि वाट बघण्यासकट.

आधी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९८०नंतरची इचलकरंजी. कुसुम नऊ वर्षांची. तिचे आबा, म्हणजे वडील महादेव, साध्या यंत्रमागावर रातपाळी करतात, आई त्याच शेडमध्ये दिवसा मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मालक माग विकायला काढतो. एका रात्री आबा डबा घेऊन कामावर म्हणून बाहेर पडतात आणि थेट भिवंडीला, दुसऱ्या मागांच्या गावाला, जातात. आई कुसुमला सांगते, आबांना डबल पाळी लागलीय. पोरगी त्यावर विश्वास ठेवून राहते. वाचकाला कळलंय, तिला कळलेलं नाही, आणि आईला तिला कळू द्यायचं नाही. कथेचा जीव एवढाच.

नोव्हेंबर २०२३मध्ये दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी फुलस्केप वहीत लिहायला बसले आणि हात आपोआप ‘मी’कडे गेला. ‘आबा रातपाळीला निघाले की मी दाराच्या कडीला धरून उभी राहायची.’ हे वाक्य लिहिल्यावर पुढची पानं भराभर आली. प्रथमपुरुषाची ही ताकद खरी आहे. कोण बोलतंय, का बोलतंय याची प्रस्तावना करावी लागत नाही, आवाज पहिल्या ओळीत उभा राहतो. जानेवारीपर्यंत वही अर्धी भरली होती.

मग तीन ठिकाणी गाडी अडली.

पहिली अडचण ज्ञानाची. ‘आबा जायचे’, ‘मी उभी राहायची’ असं म्हणणारी कुसुम आज मोठी झालेली आहे. आबा भिवंडीला गेले होते हे तिला पहिल्या वाक्यापासून ठाऊक आहे. तरी ती पानामागून पान ते सांगत नाही. का सांगत नाही? कथेत त्याला काही कारण नव्हतं, फक्त मला उत्कंठा हवी होती. वाचताना ती लपवाछपवी मलाच खुपायला लागली. यावर एक उपाय असतो, नऊ वर्षांच्या पोरीच्याच तोंडून, त्याच क्षणी घडतंय असं सांगायचं. तो करून पाहिला. दोन पानं गोड वाटली, पाचव्या पानावर जीव कंटाळला, कारण नऊ वर्षांच्या मुलीला ज्या गोष्टींना शब्द नाहीत त्या सगळ्या कथेबाहेर राहायला लागल्या.

दुसरी अडचण मालक आणि आबांच्या बोलण्याची. ते रात्री शेडमध्ये होतं, मागांच्या खडखडाटात. कुसुम तिथं असूच शकत नाही. मग ‘हे मला पुढं आईनं सांगितलं’ असं लिहायचं, नाहीतर पोरीला दाराआड उभं करून ऐकवायचं. दाराआडून ऐकणारी मुलं आपल्याकडच्या कथांमध्ये फार झाली आहेत. मला ते नको होतं.

तिसरी अडचण फक्त आमच्या भागातल्या माणसाला पडेल अशी. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. मी घरी तशीच बोलते. कुसुम खरी बोलायची तर ती म्हणणार, ‘मी दारात जाऊन उभा राहिलो.’ पुण्या-नागपूरच्या वाचकाला वाटणार की सांगणारा मुलगा आहे. आणि ‘उभी राहिले’ लिहावं तर कुसुमच्या तोंडात माझ्या बँकेतल्या अर्जाची भाषा येते. मराठीत प्रथमपुरुषी लिहिणाऱ्याला यातून सुटका नाही. ‘मी पाहिलं’, ‘मी केलं’ इथं लिंग लपतं, पण ‘गेलो, बसलो, रडलो’ आलं की क्रियापद सांगून टाकतं. त्याच्या जोडीला निवेदन सगळं बोलीत करायचं की प्रमाण भाषेत हा प्रश्न येतोच. ‘मी’ म्हटलं की निवेदनही त्या माणसाचं होतं, नुसते संवाद बोलीत ठेवून भागत नाही.

फेब्रुवारीत मी सगळं तृतीयपुरुषात न्यायचं ठरवलं. नवी वही घेतली आणि सर्वसाक्षी निवेदकाकडून सुरुवात केली, म्हणजे ज्याला सगळ्यांच्या मनातलं आणि सगळ्या जागचं दिसतं तो. ‘महादेव पस्तिशीचा होता. बारा वर्षं तो एकाच शेडमध्ये चार माग सांभाळत होता.’ माहिती व्यवस्थित येत होती. शेडमधला रात्रीचा प्रसंगही झाला. पण वाचल्यावर वाटायचं, कोणीतरी सर्वेक्षणाला आलाय आणि घराची नोंद करून घेतोय. कुसुमची वाट पाहणं त्या पानांत कुठंच उरलं नव्हतं. ते दिवस वाईट गेले. सकाळी उठायचं, वही उघडायची आणि कपाटातली जुनी वही काढून तीच वाचत बसायची, असं कितीतरी वेळा झालं.

म्हणून लिहिणं थांबवून वाचायला घेतलं. आमच्या इथल्या आपटे वाचन मंदिरातून पुस्तकं आणली, सगळी आधी वाचलेलीच. या वेळी फक्त सांगणारा कोण आणि तो कोणाला सांगतोय एवढंच पाहायचं, असं ठरवलं होतं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, लेखक पुरुष आणि सगळी कादंबरी यमूच्या तोंडून. तिथं ‘मी’ अपरिहार्य आहे, कारण त्या घरांत बाईला काय वाटतं हे विचारायला कोणी जात नव्हतं. ते तिनं स्वतःच सांगायला हवं होतं. ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा मास्तर गावात नवखा आहे, त्यामुळे त्याला गाव जसजसं कळतं तसतसं वाचकाला कळतं; लपवाछपवीचा प्रश्नच येत नाही. ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापलं सांगतात, म्हणून एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या वाट्याला येतं. ‘श्यामची आई’त श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतोय, ऐकणारे समोर बसलेत म्हणून त्याचा सूर तसा आहे. आणि ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) तर लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार एकमेकांसमोर येतात. एकच माणूस, पण जगलेला वेगळा, सांगणारा वेगळा. या शेवटच्या पुस्तकापाशी मी बराच वेळ थांबले, कारण माझ्या पहिल्या वहीत नेमके हे दोघं एकमेकांत मिसळले होते. नऊ वर्षांची कुसुम आणि पन्नाशीची कुसुम, दोघींना मी एकच ‘मी’ दिला होता.

याच सुमारास, मराठी भाषा गौरव दिनाच्या आठवड्यात, कोल्हापुरात एक दिवसाची कथालेखन कार्यशाळा होती. शुल्क सहाशे रुपये, दुपारचं जेवण धरून. जाण्या-येण्याचं एसटीभाडं वेगळं. आपल्या लेखनाची दोन पानं घेऊन यायची होती. शिकवणाऱ्या बाईंनी माझी दोन्ही वह्यांतली पानं वाचली आणि प्रथमपुरुष बरा की तृतीयपुरुष याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘अहो, ही गोष्ट सांगणारी आत्ता कुठं बसलीय? किती वर्षांनी सांगतेय? आणि आजच का सांगायला बसली?’’ मला यातलं एकही सांगता येईना. ‘‘मग आधी ते ठरवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी की ती हे त्यामागून येईल.’’

परतीच्या एसटीत मी वहीत लिहून काढलं. पन्नाशीच्या कुसुमला आज ही गोष्ट सांगायची काही निकड आहे का? नाही. कोणी ऐकणारा आहे का? नाही. तिचा आजचा दिवस या कथेत कुठं येतो का? तोही नाही. म्हणजे ती मोठी कुसुम मला लागतच नव्हती. मला त्या सकाळी दारात उभी असलेली पोरगी हवी होती, आणि तिच्या खांद्याशी उभं राहून, तिला दिसतं तेवढंच बघणारा कोणीतरी, ज्याच्याकडे तिच्यापेक्षा थोडे जास्त शब्द आहेत. हे सुचल्यावर मला खरोखर हलकं वाटलं.

मार्च बँकेत वर्षअखेरीचा. तेव्हा काहीच लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये एक काम केलं. तुम्ही अडला असाल तर हे करून पाहा, असं माझं मनापासून सांगणं आहे. सगळी कथा पुन्हा लिहायला घेऊ नका. तुमच्या कथेतला सर्वांत अवघड प्रसंग निवडा, ज्यात एखाद्याला काहीतरी ठाऊक नाही असा. आणि तेवढाच वेगवेगळ्या निवेदनांत लिहा. मी आबा परत न आल्याची पहिली सकाळ घेतली.

पहिलं: ‘सकाळी भोंगा झाला. मी दारात जाऊन उभी राहिले. आबा आले नाहीत. आई म्हणाली, डबल पाळी लागलीय.’

दुसरं: ‘सकाळी भोंगा झाला. कुसुम दारात जाऊन उभी राहिली. महादेव त्या वेळी भिवंडीच्या वाटेवर होता, हे तिला ठाऊक नव्हतं.’

तिसरं: ‘सकाळी भोंगा झाला. कुसुम दारात जाऊन उभी राहिली. आबा आले नाहीत. गणूकाका सायकलवरून गेले. रोज घंटी वाजवायचे, आज खाली बघत गेले.’

तिन्ही मोठ्यानं वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि दोन दिवसांनी ऐकली. लगेच ऐकू नका, आपला आवाज कानात असतो तोवर सगळंच चांगलं वाटतं. तिसऱ्यात काय झालंय ते ऐकताना कळलं. कुसुमला काही समजलेलं नाही, निवेदकानंही काही फोडलेलं नाही, पण गणूकाकांना ठाऊक आहे हे वाचकाला दिसलं.

आणि त्याच तिसऱ्या उताऱ्यात मला हवं ते सापडलं होतं, फक्त लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी ‘महादेव आला नाही’ लिहिलंच नव्हतं. ‘आबा आले नाहीत’ लिहिलं होतं. निवेदन तृतीयपुरुषी, पण बापाला निवेदकही आबाच म्हणतो आणि आदरार्थी बहुवचनात बोलतो. मराठीत तृतीयपुरुषी लिहिणाऱ्याला प्रत्येक पात्राबद्दल हे ठरवावंच लागतं: तो की ते, ती की त्या. ‘महादेव आला’ म्हटलं की बघणारा बाहेरचा, त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा. ‘आबा आले’ म्हटलं की आपण त्या घरातल्या लेकराच्या डोळ्यांत आहोत, ‘मी’ हा शब्द एकदाही न वापरता. आई मात्र ‘आई आली’च, कारण आमच्याकडे लेकरं आईला अहोजाहो करत नाहीत. मालक ‘मालक आले’, कारण घरात तसंच म्हणतात. एवढ्या क्रियापदांनी कोणाचा दबदबा, कोणाची जवळीक हे सगळं आपोआप येत गेलं. आणि ‘मी आलो’चा प्रश्नही सुटला. निवेदनात ‘कुसुम आली’, संवादात ‘‘आई, मी जातो गं शाळंला.’’ गोंधळ कोणाचा होणार नाही आणि पोरीची बोलीही शाबूत.

मे आणि जूनमध्ये पूर्ण कथा या पद्धतीनं लिहून काढली. ‘मी’ खोडून ‘ती’ लिहिलं की काम झालं असं मुळीच होत नाही. ‘मी तिला हाक मारली’ याचं ‘तिनं तिला हाक मारली’ झालं की कुसुम कोण आणि आई कोण हे कळेनासं होतं. तिथं नाव घालायचं किंवा वाक्यच फिरवायचं. ‘तिनं तिच्या दप्तरातून’ ऐवजी ‘आपल्या दप्तरातून’ केलं की पुष्कळ ठिकाणी निस्तरतं. ‘कुसुमला वाटलं’, ‘कुसुमच्या मनात आलं’, ‘कुसुमला दिसलं’ हे शब्द पेन्सिलीनं गोल करत गेले आणि त्यातले बहुतेक काढले. आपण तिच्या डोळ्यांनी बघतोय हे एकदा बसलं की पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. आणि तिला न दिसणाऱ्या गोष्टी शोधून काढाव्या लागल्या. ‘कुसुमचा चेहरा उतरला’ हे वाक्य मला फार आवडत होतं, पण आपला चेहरा तिला कसा दिसणार? ते गेलं.

शेडमधला रात्रीचा प्रसंग पूर्ण काढला. त्या जागी एवढंच आलं की एका सकाळी आबांनी डबा न उघडता परत आणला आणि आईनं त्यातली भाकरी तव्यावर पुन्हा गरम करून त्यांना वाढली. दोघं काही बोलले नाहीत. मालक काय म्हणाले असतील ते यात येतं असं मला वाटलं, आणि पुढं वाचणाऱ्यांनीही तसंच सांगितलं.

आता पाठवण्याबद्दल, कारण त्यातही आपण गोंधळतो. जून संपता संपता कथा एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली, पानाला तीस रुपयांप्रमाणे. त्यानं श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये केलं. अंकाकडून निरोप आला की युनिकोड हवं, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येईल असं. रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार विस्कटले, ते बसून दुरुस्त करण्यात एक आख्खा रविवार गेला. तुम्ही आधी अंकाला फोन करून फाँट विचारा, शब्दमर्यादा विचारा, शेवटची तारीख विचारा. बरेच अंक जून-जुलैपर्यंत साहित्य घेतात, काही ऑगस्टपर्यंत थांबतात. सोबत अर्ध्या पानाचं पत्र द्यायचं: कथा स्वतंत्र व अप्रकाशित आहे, दुसरीकडे पाठवलेली नाही, खाली पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन. कथेच्या पहिल्या पानावरही नाव आणि फोन लिहा, पत्र आणि कथा वेगळी होतात.

एका वेळी एकाच अंकाला पाठवायची रीत आहे. ती मी पाळली. पहिल्या अंकाकडून चार आठवडे काही कळलं नाही. तो काळ कठीण असतो, फोन वाजला की आधी नंबर बघायची सवय लागते. शेवटी मी स्वतःच विचारलं, त्यांनी अंक भरल्याचं सांगितलं. ‘कथा मागे घेत आहे’ असा एक ओळीचा निरोप लेखी पाठवून मगच दुसरीकडे दिली. हा निरोप ठेवाच.

दुसऱ्या संपादकांचा ऑगस्टमध्ये फोन आला. कथा घेतो म्हणाले, पण सहा हजारांहून जास्त शब्द आहेत ते साडेचार हजारांवर आणा. आणखी एक सूचना होती: शेवटी मोठी झालेली कुसुम ‘मी’ म्हणून बोलेल असं एक पान जोडता येईल का? मी ते पान लिहिलं, मनापासून लिहिलं, आणि पत्रासोबत पाठवताना माझं म्हणणंही कळवलं. इतका वेळ वाचकाला जे आपलं आपण कळत होतं, ते ती बाई येऊन समजावून सांगते. संपादकांनी दोन्ही वाचलं आणि पान वगळलं. कापाकापीत मात्र मी एकाही ठिकाणी हट्ट धरला नाही, आणि कथा घट्ट झाली हे मान्य करायलाच हवं.

सप्टेंबरच्या शेवटी मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रूफं, पीडीएफवर आली. परत द्यायला दोन दिवस. मुद्रितशोधकांनी कुसुमचं ‘मी जातो गं’ सगळीकडे ‘मी जाते गं’ केलेलं होतं. मला धस्स झालं, कारण हे राहून गेलं असतं तर पोरीचा आवाजच गेला असता. प्रत्येक जागेचं पान आणि ओळ लिहून, ‘कोल्हापूर भागात स्त्रिया असंच बोलतात, मूळ रूप ठेवावं’ अशी टीप करून पाठवली. त्यांनी सगळं पूर्ववत केलं, वर फोन करून विचारूनही घेतलं की आणखी काही बोलीतलं बदललं गेलंय का. तुमच्या कथेत बोली असेल तर ही टीप पहिल्यांदाच, कथेच्या सोबत द्या.

अंक दिवाळीच्या आधी आठवडाभर हातात आला. मानधन पंधराशे रुपये, डिसेंबरमध्ये खात्यावर जमा झालं. त्यासाठी रद्द केलेला धनादेश आणि पॅन कार्डाची प्रत मागितली होती. माझा एकूण खर्च, कार्यशाळा, डीटीपी, छपाईच्या प्रती धरून, त्याहून थोडा जास्त झाला.

सध्या दुसरी कथा चालू आहे. त्यात एक म्हातारा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, कामगार आयुक्तालयातल्या कारकुनासमोर आपला जबाब देतोय, माग बंद पडले त्या वर्षाचा. तो कुठं बसलाय, किती वर्षांनी सांगतोय, कोणाला सांगतोय आणि त्याला काय मिळवायचंय, हे चारही मी वहीच्या पहिल्या पानावर आधी लिहून घेतलं. तो काही गोष्टी दडवतोय, आणि या वेळी दडवायला त्याच्याकडे स्वतःचं कारण आहे. म्हणून ती ‘मी’मध्येच लिहितेय.